इंटरनेट कंपनी बदलताय? नवा राउटर घेण्याआधी जुना उलटा करून बघा

"हा नाही चालणार सर, नवीन घ्यावा लागेल." नव्या कंपनीची लाइन टाकायला स्टुलावर चढलेल्या पोराने माझ्या राउटरकडे न बघताच निकाल दिला. मी राउटर उचलला आणि त्याची मागची बाजू त्याच्यासमोर धरली. ओळीत चार पिवळे पोर्ट, शेजारी एक निळा. "अच्छा, हा आहे होय? मग चालेल," तो म्हणाला. नव्या राउटरचे पैसे तिथेच वाचले.

तो फसवत होता असं मला वाटत नाही. बहुतेक घरांत त्याला खरोखरच न चालणारा डबा दिसत असणार. कामं वेगळी असलेल्या दोन-तीन वस्तूंना आपण सरसकट "वायफायचा डबा" म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

आधी डबा ओळखा

डबा उलटा करा आणि बाहेरून येणारी वायर कुठे शिरते ते बघा.

टेलिफोनची बारीक पिन शिरत असेल तर तो जुना एडीएसएल मोडेम. मुंबई-ठाण्यात एमटीएनएलचा, बाकी राज्यात बीएसएनएलचा असा एकेक अजून माळ्यावर पडलेला असतो. फायबरला मोडेम म्हणून तो निरुपयोगी आहे.

बोटाच्या पेरापेक्षा लहान, चौकोनी, हिरव्या किंवा निळ्या टोकाची बारीक वायर शिरत असेल तर ती फायबर आणि तो डबा ओएनटी. काचेतून आलेल्या उजेडाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं हे त्याचं मुख्य काम. वायफाय हे त्याचं जोडकाम.

फायबरचं तोंड नाही, फक्त जाड लॅन वायर घालायचे पोर्ट आहेत आणि त्यातल्या एकावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' (बाहेरून नेट येतं तो पोर्ट) लिहिलंय, तर तो निव्वळ राउटर. कंपनी कुठलीही असो, हा जवळपास नेहमीच पुन्हा वापरता येतो.

ओएनटीचं तसं नाही. जीपॉन नावाच्या फायबर पद्धतीत कंपनीच्या यंत्रणेत त्याचा सिरियल नंबर चढवावा लागतो, ईपॉन या दुसऱ्या पद्धतीत उपकरणाचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. एका पद्धतीचा डबा दुसरीवर चालत नाही. डब्यावर 'एक्सपॉन' असेल तर दोन्हींवर चालतो. बीएसएनएलच्या फायबरला ग्राहकाने स्वतः आणलेलं ओएनटी चालतं. जिओफायबरला मात्र त्यांचाच डबा लागतो. तुमचा राउटर त्याच्या मागे जोडायचा.

पैसे भरण्याआधी विचारा

हे प्रश्न विक्रीवाल्याला विचारून उपयोग नाही, तो सगळ्याला "हो" म्हणतो. लाइन टाकणाऱ्याला किंवा सोसायटीतल्या केबलवाल्याला गाठा.

घरात फायबर येणार की साधी लॅनची वायर? काही ठिकाणी केबलवाला फायबर जिन्याखालच्या पेटीपर्यंत आणतो आणि वर लॅनची वायर देतो. तसं असेल तर ती थेट तुमच्या राउटरच्या निळ्या, म्हणजे वॅनच्या, पोर्टमध्ये, विषय संपला. लॉगिन कसं आहे? पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून मागा, कारण लाइनमन तो आपल्या मोबाइलवरून भरून निघून जातो आणि पुढच्या वेळी तुम्ही हात चोळत बसता. मॅक बाइंडिंग, म्हणजे ठरावीक मॅकच्या उपकरणालाच नेट, असं आहे का? आणि त्यांच्या ओएनटीला ब्रिज मोडमध्ये (ओएनटी फक्त सिग्नल पुढे देईल, लॉगिन तुमचा राउटर करेल) टाकून देतील का? लँडलाइनही घेणार असाल तर फोनची वायर त्यांच्याच ओएनटीत राहील, हे धरून चाला.

प्लॅनचा वेग राउटरला झेपेल का?

खोक्यावर '३००' लिहिलंय म्हणून ३०० एमबीपीएस मिळतील असं समजू नका. तो आकडा वायफायचा, तोही कागदावरचा. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात आणि २०० चा प्लॅन घेतला तरी स्पीड टेस्टमध्ये ९४-९५ च्या पुढे काटा सरकत नाही. तुमचा काटा नेमका तिथे अडकत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी पोर्ट तपासा. मग वायर तपासा. आत आठ बारीक तारा असतात. पिन मारताना चारच जोडल्या असतील तर गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट असूनही १०० वरच गाडी थांबते. १०० किंवा कमीचा प्लॅन असेल तर जुना राउटर बिनधास्त चालवा. त्याहून मोठ्या प्लॅनला गिगाबिट पोर्ट आणि ५ गिगाहर्ट्झचा (वेगवान वायफायचा) बँड असलेलाच बरा.

जोडणी

इथे बहुतेकजण पहिली चूक करतात: पिन खुपसून राउटर रिसेट करतात. गरज नाही. राउटर स्वतःचा असेल तर फक्त वॅनचं पान (राउटरमधलं इंटरनेटच्या सेटिंगचं) बदलायचं. वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच राहिला की टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, आईबाबांचे मोबाइल सगळं आपोआप जोडलं जातं. नाहीतर रविवारची दुपार टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर टाइप करण्यात जाते.

१. राउटरला मोबाइल किंवा लॅपटॉप जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा. नेमका पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. वॅनच्या पानाचा फोटो काढून ठेवा. जुन्या कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हे पान कधीकधी कुलूपबंद असतं.

२. वायरचं एक टोक नव्या ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टमध्ये आणि दुसरं राउटरच्या वॅनमध्ये घाला. ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल तर राउटरमध्ये पीपीपीओई निवडून युजरनेम भरा. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. लॉगिन ओएनटीनेच केलं असेल तर 'डायनॅमिक आयपी' ठेवा.

३. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ करा.

४. सगळं बरोबर असूनही नेट येत नसेल तर मॅक बाइंडिंगचा संशय घ्या. कस्टमर केअरला नवा मॅक चढवायला सांगा, किंवा राउटरच्या 'मॅक क्लोन'मध्ये आधी चालत असलेल्या उपकरणाचा मॅक भरा. मग ओएनटी पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा.

कंपनी ब्रिज मोड देत नसेल तर राउटरमागे राउटर लागतो. बघणं, वाचणं, व्हिडिओ कॉल यात काही फरक पडत नाही. ऑनलाइन गेम आणि बाहेरून बघायचा कॅमेरा मात्र कधीकधी अडतो. तेव्हा राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पसरवणारा डबा) करायचं: त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, पत्ता बदला आणि वायर वॅनऐवजी पिवळ्या लॅन पोर्टमध्ये घाला. मला तर हीच मांडणी जास्त आवडते. ओएनटी दारापाशी, जुना राउटर आतल्या खोलीत, दोन्हींचं नाव-पासवर्ड एकच, चॅनेल मात्र वेगळे; २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. बेडरूममध्ये रेंज नाही ही तक्रार त्यानेच मिटते. वॅनचं पान कुलूपबंद असलेला राउटर, वायफाय असलेला माळ्यावरचा एडीएसएल मोडेम किंवा स्वतः विकत घेतलेलं जुनं ओएनटी, यांनाही ही नोकरी लावता येते. फक्त डीएचसीपी बंद करता आलं पाहिजे.

फायबरच्या टोकाला बोट लावू नका. मी पुसून बघायला गेलो आणि ओएनटीवर 'लॉस'चा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागला. लाइनमनने येऊन स्पिरिटने टोक साफ केलं तेव्हा विझला. फायबर कपाटामागे दुमडायची नाही, आणि तिच्या उघड्या टोकात डोळा घालून बघायचं तर मुळीच नाही. लाइनमन निघण्याआधी त्याच्या मीटरवरचा, फायबरमधल्या उजेडाच्या जोराचा आकडा विचारून घ्या. जीपॉनला उणे १८ ते उणे २२ छान. उणे २७ च्या पलीकडे असेल तर आज चाललं तरी उद्या तुटत राहील.

जुना डबा परत करताना

नवी लाइन आठवडाभर नीट चालली की मगच जुनी बंद करा. जुनी पावती काढून बघा: डिपॉझिट लिहिलं असेल तर डबा कंपनीचा, तो अ‍ॅडॉप्टरसकट परत करायचा. रिसेटची पिन आता दाबा, दहा-पंधरा सेकंद, म्हणजे तुमचा वायफाय पासवर्ड आणि लॉगिन पुसलं जाईल. खालच्या स्टिकरचा, सिरियल नंबर दिसेल असा फोटो घ्या आणि न्यायला आलेल्याकडून सही घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर "मिळाला" एवढं तरी. डबा देऊन पाच महिने झाल्यावर मला "सर, तुमच्याकडे आमचं डिव्हाइस पेंडिंग आहे" असा फोन आला होता. फोटो आणि तो एक शब्द पाठवला. परत फोन आला नाही. डिपॉझिट मात्र त्यानंतर आणखी दोनदा मागावं लागलं.