कॅनडात थीसिसवालं इंटरडिसिप्लिनरी मास्टर्स: नव्याने येणाऱ्यांसाठी

कोर्सवर्कच्या मास्टर्समध्ये वेळापत्रकच तुम्हाला पुढे ढकलत राहतं. थीसिसमध्ये मागे लागणारं कुणी नसतं, आणि इंटरडिसिप्लिनरीत, म्हणजे दोन-तीन शाखा जोडणाऱ्या मास्टर्समध्ये, तर हक्काचा एक विभागही नसतो. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी सुपरव्हायझर (थीसिसचे गाइड) बघा. ऑफर स्वीकारण्यापूर्वी ईमेलवर सरळ विचारा: पुढच्या दोन वर्षांत सबॅटिकल (प्राध्यापकांची लांब अभ्यासरजा) आहे का? सध्या किती विद्यार्थी आहेत? दुसऱ्या शाखेतून थीसिसवर देखरेख करणाऱ्या कमिटीवर कोण येईल? आपली मुलं ‘सरांना असं कसं विचारायचं’ म्हणून गप्प बसतात. इथे असे प्रश्न कुणाला उद्धट वाटत नाहीत.

फंडिंगच्या पत्रात रक्कम किती टर्मसाठी आहे आणि फी भरून हातात काय उरतं, एवढं बघाच. टीएची (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यात मदतीची) कामं विभाग आपापल्या विद्यार्थ्यांना आधी देतात, त्यामुळे तुमचं काम कोणत्या विभागातून येणार हे लेखी घ्या.

आता कमिटी. समजा विषय आहे पुराचा धोका आणि नदीकाठची वस्ती. भूगोलाच्या प्राध्यापकांना नकाशे आणि मोठा सर्व्हे हवा असतो, समाजशास्त्राच्या बाईंना पंधराच पण सखोल मुलाखती. दोघांनाही ‘हो’ म्हणालात, तर एका मास्टर्समध्ये दोन थीसिस लिहायची पाळी येते. पहिल्याच टर्ममध्ये एक पान लिहा: प्रश्न कोणता, माहिती कुठून, विश्लेषण कसं आणि काय करणार नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ते पान सगळ्यांना पाठवून ईमेलवर होकार घ्या. इथली टीका फार मऊ भाषेत येते. बैठकीतल्या कौतुकाला मंजुरी समजू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक एथिक्सची. माणसांकडून माहिती घेणार असाल, म्हणजे मुलाखत, सर्व्हे, फोकस ग्रुप काहीही, तर विद्यापीठाच्या रिसर्च एथिक्स बोर्डाची मंजुरी आधी लागते. आधी म्हणजे पहिल्या माणसाला ‘भाग घ्याल का’ असं विचारण्याच्याही आधी. टीसीपीएस २ या संशोधन-एथिक्सच्या राष्ट्रीय धोरणात पायलटलाही, म्हणजे छोट्या चाचणी-अभ्यासालाही, सूट नाही. ‘ओळखीच्या चारजणांशी बोलून घेतो, फॉर्म नंतर भरू’ हे दरवर्षी कुणीतरी करतं. मग त्या मुलाखती थीसिसमध्ये वापरता येत नाहीत आणि हातची टर्म जाते. क्रम असा ठेवा: आल्या आल्या टीसीपीएस २ चा ऑनलाइन कोअर कोर्स करून प्रमाणपत्र घ्या, प्रपोजलसोबतच अर्ज लिहा, आणि प्रश्नावली, संमतीपत्र, निमंत्रणाचा मजकूर हे सगळं एकदम जोडा. बोर्ड बहुधा दुरुस्त्या सांगून अर्ज परत पाठवतं, तो वेळ धरूनच चला. शाळेत किंवा हॉस्पिटलमध्ये काम असेल, तर त्यांची परवानगी वेगळी. फर्स्ट नेशन्स (कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या) समुदायासोबत काम असेल, तर आधी, माहिती गोळा न करता, समुदायाशी बोलून मगच प्रश्न ठरवा. टीसीपीएस २ चं नववं प्रकरण त्यासाठीच आहे. अशा कामाला दोन वर्षं अपुरी पडू शकतात, हे सुपरव्हायझरशी मोकळेपणाने बोला.

प्रत्येक शाखेची संदर्भ देण्याची पद्धत वेगळी असते. कमिटीला विचारून एक ठरवा आणि पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा.

स्टडी परमिटचं थोडक्यात. कॅम्पसबाहेर काम आठवड्याला २४ तासांपर्यंतच; विद्यापीठातलं टीए किंवा आरएचं (रिसर्च असिस्टंट) काम त्यात धरत नाहीत. सुट्टीत तासांची मर्यादा नसते, असं ग्रुपवर कुणी सांगेल. ती सवलत अधिकृत सुट्टीपुरती आहे, आणि बरेच थीसिस प्रोग्रॅम उन्हाळ्यातही चालू असतात. तुमच्या प्रोग्रॅमचं काय, ते इंटरनॅशनल ऑफिसलाच विचारा. रजा घेतलीत तर ती १५० दिवसांपुढे जाऊ देऊ नका आणि त्या काळात कॅम्पसवर किंवा कॅम्पसबाहेर काम करू नका. नाहीतर पुढच्या वर्क परमिटच्या वेळी अडचण येते.

डिफेन्सची, म्हणजे थीसिसच्या तोंडी परीक्षेची, तारीख परीक्षकांच्या सवडीवर ठरते. परीक्षकांना थीसिस काही आठवडे आधी द्यावा लागतो आणि नंतरच्या दुरुस्त्यांनाही वेळ लागतो. टर्म संपायच्या आत अंतिम प्रत जमा झाली नाही, तर बहुतेक ठिकाणी पुढच्या टर्मची फी भरावी लागते. म्हणून ग्रॅज्युएट स्कूलची शेवटची तारीख आधी काढा आणि तिथून उलटं मोजत पूर्ण मसुदा कमिटीकडे कधी जायला हवा ते ठरवा.