घरातलं गुपित आणि पंधरा वर्षांचं पोर: पहिला चित्रपट करताना या चुका टाळा

वडील वारलेले नाहीत, ते घर सोडून गेले होते. जिला थोरली बहीण म्हणत आलो, ती खरं तर आई आहे. असं काहीतरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कळतं आणि घर पहिल्यासारखं राहत नाही. या गोष्टीवर पहिला स्वतंत्र चित्रपट करणारी मंडळी मला सतत भेटतात. निवड चांगलीच आहे. एक घर, चार पात्रं आणि मोजके दिवस एवढ्यात ती मावते. मी संकलक आहे, शूट उरकल्यावर सगळं फुटेज माझ्याकडे येतं. तेव्हा ज्यांना इलाज उरलेला नसतो अशा त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सांगणाऱ्यावर कॅमेरा, ऐकणारा वाऱ्यावर

ही सगळ्यांत मोठी. एका चित्रपटात आई मुलाला वडिलांबद्दलचं खरं सांगते, असा चार पानांचा सीन होता. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. म्हणजे चार मिनिटं एकटी आई बोलणार. अभिनेत्री फार ताकदीची, त्यामुळे दिग्दर्शकाने सकाळपासून तिचेच टेक घेतले. मास्टर (अख्खा सीन दुरून एकाच शॉटमध्ये) झाला, मिड (कमरेपासून वर) झाला, क्लोज (फक्त चेहरा) झाला, मग खिडकीच्या बाजूने आणखी एक. मुलाची पाळी आली तेव्हा उजेड उतरला होता, अभिनेत्री घरी गेली होती आणि सहायक दिग्दर्शक कागदात बघून आईची वाक्यं वाचत होता. नजर कुठे ठेवायची हे कळावं म्हणून भिंतीला टेपचा तुकडा लावलेला. पोरगं त्या टेपकडे बघून आयुष्यातली सगळ्यांत वाईट बातमी ऐकत होतं. तीन टेक झाले आणि तिन्ही कोरे.

एडिटला बसले तेव्हा आईचं बोलणं हवं तेवढं होतं, पण ते ज्याच्यावर कोसळतं तो मुलगाच सीनमध्ये नव्हता. दोन दिवस शोधल्यावर एक तुकडा हाती लागला. मुलाच्या हातांवरून आईकडे वळणारा एक शॉट होता. क्लॅप वाजून गेली होती, फोकस तपासणं चालू होतं, 'अ‍ॅक्शन' अजून म्हटलेलं नव्हतं. त्या वेळात मुलगा स्वेटरच्या बाहीतून सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसला होता. एक वेढा, दुसरा, तिसरा. बोटाचं टोक पांढरं पडलं, मग त्याने धागा सोडून दिला. अकरा सेकंद. त्यावर आईचा आवाज टाकला आणि तिची निम्म्याहून जास्त वाक्यं कापली. सीन उभा राहिला तो त्या अकरा सेकंदांवर.

म्हणून आता पटकथा वाचायला आली की माझं पहिलं काम ठरलेलं असतं. मोठ्यांचे संवाद हाताने झाकते आणि फक्त मूल काय करतंय ते वाचते. 'स्तब्ध होऊन ऐकतो' एवढंच लिहिलेलं दिसलं तर कागद परत पाठवते. त्याच्या हातांना काम द्या. सायकलची चेन बसवू दे, कपड्यांच्या घड्या घालू दे. आणि मुलाचा क्लोजअप आधी घ्या, सकाळी, चेहरा ताजा असताना. समोरचा नट कॅमेऱ्यामागे बसून जीव ओतून बोलला पाहिजे. तो थांबायला तयार नसेल तर भूमिका देतानाच विचार करा.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोच्या 1959 सालच्या 'द 400 ब्लोज'मध्ये हे लख्ख दिसतं. मानसशास्त्रज्ञ बाई मुलाला प्रश्न विचारते. तिचा फक्त आवाज येतो, कॅमेरा शेवटपर्यंत मुलावर. आईला आपण नको होतो, हे तो टेबलाशी चाळा करता करता सांगून टाकतो. चौदा वर्षांच्या जाँ-पिएर लेओची ती उत्तरं बरीचशी उत्स्फूर्त होती.

खरं रडू काढण्याचा आडमार्ग

याचा मला मनापासून राग येतो. एका सेटवर मुलीला रडवण्यासाठी तिच्या खऱ्या घरातल्या भांडणाची आठवण काढली गेली. ती रडली, पण कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून. टेक वाया गेला आणि पुढचे सगळे दिवस ती दिग्दर्शकाच्या डोळ्याला डोळा देईना. यावर हमखास ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांचं नाव पुढे केलं जातं. लोच नटांना पटकथा तुकड्या-तुकड्यांनी देत आले हे खरं, पण त्यांनी सहसा गोष्टीच्या क्रमाने शूट केलं, त्यामुळे नट पात्राबरोबर तिथवर पोचलेला असायचा. तुम्ही शेवटचा सीन दुसऱ्याच दिवशी घेणार आणि लपवाछपवी तेवढी उचलणार, हे चालत नाही. मुलाला आणि त्याच्या पालकांना पूर्ण गोष्ट आधी सांगा. जड सीनचे दोन-तीन टेक पुरे. अल्पवयीन कलाकाराच्या कामाच्या तासांवर बहुतेक ठिकाणी कायद्याची मर्यादा असते. वेळापत्रक तिच्या आत बसवा, तिला वळसा घालून नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पंधरा वर्षांच्या तोंडी पस्तिशीची वाक्यं नकोत. 'तुम्ही माझ्या विश्वासाला तडा दिलात' असं मूल म्हणत नाही. ते म्हणतं, 'माझा चार्जर कुठंय?'

फ्लॅशबॅक टाळा. मूल त्या प्रसंगाला हजरच नव्हतं, मग ती आठवण कुणाची?

सत्य बाहेर पडायच्या आधीच व्हायोलिन सुरू करू नका. प्रेक्षकाला मुलाच्या आधी कळलं की सीन संपला.

शेवटी मिठी घालून सगळं मिटवायची घाई नको. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसं एकाच बेसिनपाशी दात घासतात, तो सीन लिहा.

शांतता रेकॉर्ड न करणं

प्रत्येक खोलीला स्वतःची शांतता असते. तीस सेकंद, जमलं तर मिनिटभर, सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि रूम टोन, म्हणजे ती शांतता, रेकॉर्ड करून घ्यायचा. नवे लोक हाच वेळ वाचवायला बघतात. मग एडिटमध्ये दोन वाक्यांमधली जागा लांबवायची म्हटलं की खाली आवाजाचं भोक पडतं, आणि ही गोष्ट तर अशा जागांवरच चालते. टेकच्या वेळी फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली आत ठेवा. साउंडवाल्यांची ही जुनी सवय आहे. किल्ली घेतल्याशिवाय कुणी घरी जात नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचा राहत नाही.

त्या धाग्याच्या शॉटखाली फोकसवाल्याचं बोलणं होतं, ते काढून टाकावं लागलं. साउंडवाल्याने पॅकअपच्या गडबडीत, दिग्दर्शक घड्याळ दाखवत असताना, हट्टाने त्या खोलीची पन्नास सेकंद घेऊन ठेवली होती. त्यातलीच अकरा मी तिथे वापरली.