फुकट मिळणारं सॉफ्टवेअर विकत घेताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "अरे, ते ऑफिसचं सॉफ्टवेअर घेतलं बघ. पाचशेला पडलं, पण आयुष्यभराचं आहे." काका सोसायटीचे खजिनदार. हिशेबाची फाईल उघडत नव्हती म्हणून कुणीतरी त्यांना लिब्रेऑफिस हे पत्रं-हिशेबाचं फुकट सॉफ्टवेअर सुचवलं होतं. नाव बरोबर सांगितलं, पत्ता मात्र सांगायचा राहिला.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. डाउनलोड झालेली फाईल तीच होती, जी मूळ संकेतस्थळावर कुणालाही एक पैसा न देता मिळते. सोबत 'कसे वापरावे' अशी पीडीएफ. आणि पानाच्या अगदी तळाशी, फिकट करड्या अक्षरांत एक ओळ: आमचा या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांशी संबंध नाही, शुल्क आमच्या सदस्यत्वाचे आहे. काका एकेक पावती तपासून सही करणारे आहेत. ही ओळ त्यांच्या नजरेला पडू नये, अशीच ती लिहिली होती. मला त्याचाच राग आला.

चूक होते ती शोधताना. नावापुढे 'फ्री डाउनलोड' लिहायचं आणि सगळ्यात वरचा निकाल दाबायचा, ही सवय आधी सोडा. वरचे निकाल बरेचदा जाहिराती असतात. बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. मूळ पत्ता माहीत असला की शोधायची वेळच येत नाही. लिब्रेऑफिसचा पत्ता लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग. व्हिडिओ बघायच्या व्हीएलसी प्लेअरचा पत्ता मात्र व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग आहे, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात, कारण त्यात 'व्हीएलसी' हे नावच नाही. 1996 मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या व्हिडिओलॅन प्रकल्पातून हा प्लेअर आला, म्हणून पत्ता प्रकल्पाच्या नावाचा. एखाद्या सॉफ्टवेअरचा पत्ता ठाऊक नसेल तर विकिपीडियावरचा त्याचा लेख उघडा. उजवीकडच्या चौकटीत सहसा अधिकृत संकेतस्थळ दिलेलं असतं.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: पैसे मागतायत म्हणजे अस्सल असणार. लिब्रेऑफिससारख्या मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांत प्रती विकायला मनाई नाही. लिब्रेऑफिसमागची द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था स्वतःच मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलच्या स्टोअरवर थोडी किंमत लावते. ती रक्कम प्रकल्पाच्या कामाला लागते, आणि संकेतस्थळावर तेच फुकट आहे हे ती लपवत नाही. माझा आक्षेप त्या लपवण्याला आहे. आणखी एक घोळ होतो. लिब्रेऑफिसच्या मूळ संकेतस्थळावर डाउनलोड दाबलं की देणगीचं पान समोर येतं. ती फी समजून लोक ते बंद करतात आणि 'खरोखर फुकट' शोधत नेमके भलत्या ठिकाणी पोचतात. देणगी ऐच्छिक आहे. फाईल आपोआप उतरत असते.

मराठी टायपिंगसाठी पैसे मोजण्याआधी तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'टाइम अँड लँग्वेज'खाली मराठी भाषा जोडून बघा. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार चालणारा फोनेटिक, दोन्ही कळफलक तिथेच मिळतात. प्रिंटर संगणकाला जोडून चालवणारा ड्रायव्हरही प्रिंटरच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या, तो फुकट असतो. शोधात मिळालेल्या 'हेल्पलाइन'वर फोन करू नका. पलीकडचा माणूस तुमच्या संगणकाचा ताबा देणारं ॲप टाकायला सांगू लागला, तर तिथेच फोन ठेवा.

पैसे गेले असतील तर आधी यूपीआय ॲपमधला 'ऑटोपे' विभाग उघडा. काकांच्या 'आयुष्यभराच्या' सदस्यत्वामागे तिथे दरमहा 199 रुपये आपोआप कापण्याची मंजुरी बसली होती. एकदाच पैसे जातायत असं समजून त्यांनी पिन टाकला होता. ती आम्ही लगेच रद्द केली. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेला कळवा. पान, पावती आणि बँकेचा संदेश यांचे स्क्रीनशॉट घ्या. सरळ फसवणूक असेल तर सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. दिशाभूल करून विकल्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर करता येते.

फाईल अस्सल आहे का हे बघायला विंडोजमध्ये उतरवलेल्या फाईलवर माउसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मधलं 'डिजिटल सिग्नेचर्स' पाहा. लिब्रेऑफिसच्या फाईलवर द डॉक्युमेंट फाउंडेशनचं नाव हवं. भलतंच नाव असेल किंवा तो विभागच नसेल, तर फाईल उडवा. सॉफ्टवेअर बसवलं असेल तर तेही काढून टाका आणि मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्या. काका काढायला घाबरत होते, हिशेब जातील म्हणून. तुमच्या फाईली सहसा डॉक्युमेंट्समध्ये असतात, त्या सॉफ्टवेअरबरोबर जात नाहीत. काकांच्याही सगळ्या जागच्या जागी होत्या.