पंट कव्हरेज बघताना आणि शिकवताना या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातातून सोडून लाथेने समोरच्या टीमकडे लांब मारतात, तो पंट; त्यामागे धावून रिटर्नरला, म्हणजे तो झेलून पळणाऱ्याला, अडवणं म्हणजे पंट कव्हरेज. शनिवारी कॉलेज फुटबॉल आणि रविवारी एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, बघणारे आपले बरेच लोक हमखास विचारतात, "कॉलेजची पोरं पंट व्हायच्या आधीच सुसाट सुटतात, मग हे व्यावसायिक खेळाडू लाइनवर का रेंगाळतात?" ते रेंगाळत नाहीत, नियमाने अडकलेले असतात. हा एक नियम डोक्यात पक्का बसला नाही की पुढचं सगळं चुकत जातं.

एनएफएलमध्ये १९७४ पासून चेंडूला पाय लागेपर्यंत फक्त दोन टोकांचे दोघे, म्हणजे गनर, स्क्रिमेज लाइन (जिथून खेळ सुरू होतो ती रेषा) ओलांडू शकतात. बाकी कुणी आधी निघालं तर ५ यार्डांचा दंड. कॉलेजात हे बंधन नाही, स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे पंटरकडे फेकला गेला, की कुणीही पळावं. म्हणूनच तिथे शील्ड पंट चालतो: पुढे मोकळं अंतर ठेवून सात जण, मागे तीन धिप्पाड गड्यांची भिंत आणि तिच्या मागे पंटर. पुढचे सात जण समोरच्याला जेमतेम धक्का देऊन थेट रिटर्नरकडे धावतात. ही रचना जशीच्या तशी एनएफएलमध्ये मांडली तर ते सात जण किक होईपर्यंत जागीच राहतील आणि त्यांच्यामधल्या फटी मात्र उघड्या पडतील. त्यामुळे "कॉलेजात जमतं, मग यांना का नाही" ही तुलना सोडून द्या. रविवारी स्नॅप झाल्यावर चेंडूकडे न बघता कडेच्या गनरकडे बघा. त्याला अडवायला दोघे उभे असतील, तर पंटरवर चालून जाणारे तेवढे कमी झालेत.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण ती प्रशिक्षकही करतात: पंट किती लांब गेला एवढंच मोजणं. ४५ यार्ड लांब आणि साडेचार सेकंद हवेत राहिलेला पंट हा ६० यार्डांच्या सपाट पंटपेक्षा कधीही चांगला. चेंडू आपल्या धावणाऱ्यांच्या आधी पोचला की रिटर्नरला मोकळं मैदान मिळतं. १९ डिसेंबर २०१० ला एनएफएलच्या जायंट्स टीमचा पंटर मॅट डॉज याला चेंडू मैदानाबाहेर मारायला सांगितलं होतं. त्याने तो सपाट आणि सरळ ईगल्स टीमचा रिटर्नर डीशॉन जॅक्सन याच्याकडे मारला. जॅक्सनच्या हातून चेंडू सुटला, त्याने तो उचलला, तरीही त्याच्या अंगावर कुणी पोचलं नव्हतं! ६५ यार्डांची धाव, वेळ संपलेली आणि ईगल्स ३८–३१ ने विजयी.

पोचायची घाई झाली की सगळे चेंडूकडे झेपावतात, हेही चुकीचंच. प्रत्येकाने आपली लेन, म्हणजे धावायचा ठरलेला पट्टा, धरायची. कडेचा माणूस आत वळला की रिटर्नर त्याच बाजूने निसटतो.

चेंडू घेणाऱ्या बाजूने टप्पे खाणाऱ्या चेंडूपासून लांब राहावं. अमेरिकेत अशा वेळी "पीटर! पीटर!" अशी हाक ऐकू येते, म्हणजे पाठ वळवून ब्लॉक करणाऱ्यांनी ताबडतोब बाजूला व्हायचं. कुणाच्या टाचेला चेंडू नुसता घासला तरी तो पंट मारणाऱ्या टीमला पटकावता येतो. उलट पंट मारणाऱ्याच टीमने आधी हात लावला आणि चेंडू अजून सुटा असेल, तर रिटर्नरने बिनधास्त उचलून पळावं. पुढे हातून निसटला तरी, दंडाची भानगड नसेल तर, हात लागला त्या जागेवर त्याच्या टीमला चेंडू मिळतो. ही फुकटची संधी कितीतरी जण सोडून देतात, बघवत नाही.

गोललाइनवर, म्हणजे जिच्यामागे एंड झोन सुरू होतो त्या रेषेवर, मात्र पुन्हा दोन नियम. एनएफएलमध्ये गनरचा पाय रेषेवर असताना त्याने चेंडूला हात लावला, तर चेंडू अलीकडे असला तरी टचबॅक होतो, म्हणजे चेंडू समोरच्या टीमला २० यार्डांच्या रेषेवर मिळतो. कॉलेजात पाय नाही, चेंडू कुठे आहे ते बघतात. म्हणून एनएफएलचा गनर रेषेच्या अलीकडून उडी घेतो आणि एंड झोनमध्ये पडायच्या आत चेंडू मागे थापटतो.