कोकणात काजळी मोजताना आधी ओल अडवा

फिल्टर टेपवर हवा ओढायची आणि डाग काळा होताना त्यातून पार जाणारा प्रकाश किती घटला ते पाहायचं, एवढंच एथॅलोमीटरचं, म्हणजे काजळी मोजणाऱ्या यंत्राचं, काम. रत्नागिरी-मालवण पट्ट्यात ते बिघडवते मुख्यतः ओल.

जूनमध्ये बाहेरचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, 25 अंशांच्या आसपास असतो. एसी 20 वर लावला की बाहेरची हवा आणणाऱ्या नळीत पाणी सुटलंच. एसी 27 वर ठेवा, खोलीतल्या नळीला फोम गुंडाळा आणि यंत्राआधी ड्रायर बसवा. आत जाणाऱ्या हवेची आर्द्रता 40 टक्क्यांखाली हवी. सिलिका जेल स्वस्त, पण पावसाळ्यात रोज बघावं लागतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की 120 अंशांवर दोन-तीन तास तापवा. नॅफिऑन ड्रायर (पडद्यातून वाफ बाहेर काढणारी नळी) महाग, तरी पैसे तिथेच घाला.

नळी स्टीलची किंवा काळ्या विद्युतवाहक सिलिकॉनची घ्या. साध्या प्लास्टिकवर स्थिर विद्युत साठते आणि कण वाटेतच चिकटतात. नळीच्या तोंडाशी 2.5 मायक्रॉनचा सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जाड कण वेगळे करणारा भाग, लावा. समुद्री मिठाचे बरेचसे कण त्याहून जाड, ते तिथेच अडतात. मात्र हवा ओढण्याचा वेग (फ्लो) ठरल्याप्रमाणे नसेल तर ही मर्यादा सरकते.

सुरुवातीला तोंडाला हवेतले कण अडवणारा हेपा फिल्टर लावून अर्धा तास चालवा. आकडा शून्याच्या खाली-वर डोलला पाहिजे. वरच अडून राहिला तर कुठलातरी जोड खोलीतली हवा ओढतोय.

हिशेब असा: डाग 0.785 चौरस सेंटिमीटर, फ्लो मिनिटाला 5 लिटर, म्हणजे 10 मिनिटांत 50 लिटर. प्रकाश 2 टक्के घटला तर नैसर्गिक लॉगॅरिदम 0.0202. त्याला डागाच्या क्षेत्रफळानं गुणून हवेच्या घनफळानं भागलं की दर दशलक्ष मीटरला 31.7. हे हवेतल्या कणांचं खरं शोषण नव्हे! टेपच्या तंतूंत प्रकाश पुनःपुन्हा विखुरतो, म्हणून आकडा फुगतो. हा फुगवटा काढायला ज्यानं भागायचं तो भाजक टेपच्या जातीवर ठरतो. 3 धरला तर शोषण 10.6.

आकडा एकदम उणे जाऊन तितकाच वर आला, तर ओल. हळूहळू उतरून टेप सरकताच उडी मारली, तर डाग भरल्याचा परिणाम. दोन डागांची यंत्रं तो स्वतःच दुरुस्त करतात.

राब भाजण्याचा धूर 370 नॅनोमीटर तरंगलांबीचा (अतिनील) प्रकाश जास्त शोषतो. जांभ्याची लाल धूळही, तिच्यातल्या लोहामुळे, तेच करते. काजळी जिथे मोजतात तो 880 नॅनोमीटरचा (अवरक्त) आकडाही सोबत चढला तर बहुधा धूर. पहाटेच्या मतलई वाऱ्यात चढून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात उतरला, तर संशय आणखी पक्का.