मॅजिक सिस्टीमवर वाद घालताना या चुका टाळा

फँटसी कादंबऱ्या आणि सुपरहिरो मालिकांमधल्या मॅजिक सिस्टीमवरच्या, म्हणजे तिथली जादू कशी चालते यावरच्या, गप्पा बऱ्याचदा एकाच जागी अडतात. एक म्हणतो, 'या जादूला नियमच नाहीत.' दुसरा म्हणतो, 'जादूला कसले आलेत नियम?' मग कथा राहते बाजूला. अशा वेळी मला एकच प्रश्न उपयोगी वाटतो: पात्राचा पेच सुटला, पण त्यासाठी त्याला काय मोजावं लागलं?

सँडरसनचा नियम अर्धाच वाचणं

फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये जादूबद्दल मांडलेला पहिला नियम सगळे सांगतात, पण अर्धवट. जादूने पेच किती समाधानकारकपणे सोडवता येईल, हे वाचकाला ती जादू किती समजली आहे यावर ठरतं, एवढंच तो म्हणतो. प्रत्येक जादूला नियमावली हवीच, असं त्यात कुठेही नाही.

गॅन्डाल्फ या जादूगाराला नेमकं काय काय करता येतं, हे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचून संपवल्यावरही सांगता येत नाही. त्याने काही बिघडत नाही, कारण मुख्य पेच त्याच्या जादूने सुटतच नाही. घातक अंगठी नष्ट करायला फ्रोडो आणि सॅम या साध्यासुध्या पात्रांना उपाशीतापाशी चालत जावं लागतं. त्याच कादंबरीतली अंगठी मात्र बरीच स्पष्ट आहे: घातली की माणूस दिसेनासा होतो, बाळगणाऱ्याचं मन ती पोखरते आणि जिथे घडली त्याच आगीत तिचा नाश होतो. म्हणजे 'हार्ड' (नियम स्पष्ट असलेली जादू) आणि 'सॉफ्ट' (नियम धूसर ठेवलेली जादू) ही लेबलं अख्ख्या पुस्तकाला चिकटवण्यात अर्थ नाही. त्या प्रसंगात कोणती जादू कामाला आली, तेवढं पाहा.

सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) धातू गिळून पोटात 'जाळायचा' असतो. पोलाद जाळलं की आसपासचा धातू ढकलता येतो, पण समोरची वस्तू आपल्यापेक्षा जड असेल तर आपणच फेकले जातो. म्हणूनच जमिनीवर नाणं टाकून, त्याला ढकलत हवेत झेप घेता येते. एवढं कळलं की मारामारीतली पुढची चाल वाचक स्वतःच हेरू लागतो. हा आनंद वेगळा आणि गॅन्डाल्फबद्दल वाटणारं कुतूहल वेगळं. दोन्ही हवेत.

'कोण जिंकेल?' याचं गणित मांडणं

१९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नव्हता, एक अष्टमांश मैलाची उडी मारत होता. लेखक बदलले, माध्यमं बदलली, तशी त्याची ताकद वाढत गेली. त्यामुळे एका दशकातलं कॉमिक आणि दुसऱ्या दशकातला चित्रपट शेजारी ठेवून तो कुणाला हरवेल याचा निकाल लावता येत नाही. कोणता सुपरमॅन, ते आधी ठरवा.

इशारा आधी दिला होता, म्हणजे झालं

ही सगळ्यात चिवट चूक. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५ ते २००८) या ॲनिमेशन मालिकेत काही माणसं पाणी, माती, आग किंवा हवा हुकमाने 'वाकवू' शकतात; तिथे या चुकीची दोन्ही टोकं सापडतात. माती वाकवणारी टॉफ ही मुलगी आंधळी आहे. जमिनीची कंपनं तळपायांनी टिपून ती 'पाहते'. धातूच्या पेटीत कोंडल्यावर तिला त्या धातूतच मातीचे बारीक कण जाणवतात आणि ती धातू वाकवते. शक्ती नवी, पण जुन्याच नियमातून उगवलेली. आणि पेटीतून सुटायला तिला स्वतः धडपडावं लागतं.

शेवटच्या भागात नायक आंगपुढे मात्र खरा नैतिक पेच आहे: खलनायक ओझाईला मारायचं की अहिंसेची शिकवण सोडायची नाही? तेवढ्यात सिंह-कासव हा प्राचीन प्राणी भेटतो आणि दुसऱ्याची शक्ती हिरावून घेण्याची विद्या आंगला मिळते. समर्थक लगेच आधीच्या भागांतल्या खुणा दाखवतात. त्या असतीलही. पण खूण दिसली म्हणजे विद्या समजली असं होत नाही. माझी तक्रार तर त्याहून वेगळी आहे. ज्या निवडीसाठी मालिकेने आपल्याला इतकं अस्वस्थ केलं, ती निवड करायची वेळच आंगवर आली नाही. तरीही मालिका माझ्या अतिशय आवडीची आहे. दोष दाखवला म्हणजे प्रेम कमी झालं असं समजणं, ही चाहत्यांची आणखी एक चूक.

मर्यादा आणि कमजोरी यांची गल्लत

सुपरमॅनला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट पहिल्यांदा आलं १९४३ मध्ये, त्याच्या रेडिओ मालिकेत. ती कमजोरी आहे: खलनायक हिरवा दगड घेऊन येतो आणि नायक कोसळतो. नायकाला त्यात काही ठरवावं लागत नाही.

मर्यादा कशी असते, ते कर्णाच्या वासवी शक्तीत पाहा. कवचकुंडलं देऊन मिळवलेली आणि एकदाच वापरता येणारी. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, सैनिक आक्रोश करू लागले आणि कर्णाला ती तिथेच सोडावी लागली. घटोत्कच पडला तेव्हा पांडव रडत होते, आणि कृष्ण आनंदाने नाचत होता. एका अटीने एवढा मोठा प्रसंग उभा केला.

कादंबरी आणि मालिका एकत्र कालवणं

रूपांतरात नियम बदलतात. मालिकेतली त्रुटी पुस्तकातल्या खुलाशाने बुजत नाही, कारण पडद्यासमोरच्या प्रेक्षकाने तो वाचलेला नसतो. बोलताना सीझन आणि एपिसोड सांगा, शेवट फोडणार असाल तर तशी आगाऊ सूचना द्या, आणि 'प्लॉट होल' (कथेतली विसंगती) म्हणण्याआधी तो प्रसंग पुन्हा एकदा पाहून घ्या.