कमरेला रिव्हॉल्वर असताना

माझं सराफीचं दुकान आहे. हुपरीहून चांदीचा माल आणायचा आणि रात्री साडेआठला शटर ओढून घर गाठायचं, हे वीसेक वर्षं चाललंय. लायसन्सचं ३२ बोअरचं रिव्हॉल्वर कमरेला असतं. नवं लायसन्स मिळालेले व्यापारी मला विचारतात, "कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, "कुलूप लावताना तुमची नजर कुठे असते?"

बहुतेकांची कुलपातच असते. वाकलं की पाठ रस्त्याकडे होते आणि माल पायाशी असतो. आमच्याकडे एकजण कुलूप लावतो, तेव्हा दुसरा रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा मोबाइल खिशात. समोर गाडी चालू ठेवून कोणी थांबलंय का, नंबरप्लेटला चिखल फासलाय का, दुपारी नुसते भाव विचारून गेलेला चेहरा पुन्हा दिसतोय का, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. शंका आली तर शटर पुन्हा वर घ्या, आत बसा आणि ११२ लावा. रोजची वेळ आणि रस्ता अधूनमधून बदला. "काका, तुमचे पैसे पडले" असं कोणी म्हटलं तर आधी हातातली पिशवी घट्ट धरा, मग खाली बघा. "पुढे चोऱ्या होतायत, दागिने रुमालात बांधा" असं सांगणारा साध्या वेशातला पोलीस भेटला, तर त्याला सरळ ठाण्यात चला म्हणा.

आता हत्यार. ते होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, शर्टाखाली पूर्ण झाकलेलं आणि सतत आपल्या ताब्यात हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांतही हेच आहे. पिशवीत, गाडीच्या डिकीत किंवा गल्ल्यात ठेवू नका. कोणी "बघू जरा" म्हटलं तरी बाहेर काढायचं नाही. लग्नाच्या वरातीला जाताना मी ते घरी तिजोरीत ठेवतो. हर्षफायरिंगला, म्हणजे आनंदात हवेत गोळ्या झाडण्याला, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण मला त्याहून जास्त भीती वर गेलेली गोळी कुठे उतरेल याची वाटते. आणि दारूचा एक घोट घ्यायचा असेल, तरी त्या दिवशी हत्यार तिजोरीतच.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. एकदा पेट्रोल पंपावर रांगेवरून एकानं माझी कॉलर धरली. चूक त्याची होती. माझं डावं कोपर शर्टावरून होल्स्टरवर दाबलेलं होतं, उजवा तळहात उघडा, त्याच्या छातीसमोर. झटापट झाली असती तर रिव्हॉल्वर त्याच्या हाताला लागलं असतं. "माझं चुकलं, तुम्ही आधी भरा," म्हणालो. चार ओळखीची माणसं बघत होती आणि कानशिलं तापली होती. लायसन्स घेतलं त्या दिवशी आपला भांडायचा हक्क संपला, असं मी मानतो.

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळाचा. शिवी दिली म्हणून हत्यार दाखवणं त्यात बसत नाही. धोका टळल्यावर पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणंही बसत नाही. पिशवी गेली तर जाऊ द्या. माल पुन्हा आणता येतो.

घरी आल्यावर माझा क्रम ठरलेला आहे. मुलं दुसऱ्या खोलीत. नळी भिंतीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. सिलिंडर उघडून सहाही काडतुसं पितळी ताटलीत काढतो. बायको मोजते, मी मोजतो. मग सिलिंडरच्या रिकाम्या घरांवरून करंगळी फिरवून बघतो. रिव्हॉल्वर एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्यात, किल्ली माझ्याकडे. खंडेनवमीला पूजेत मांडायच्या आधीही हेच करतो, आणि हळदकुंकू वाहून झालं की ते लगेच तिजोरीत जातं.